महागडा चेंडू आणि तीस यार्डांचा हिशेब

गेल्या जूनमध्ये ठरवले होते की पावसाळ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गोल्फ फक्त तीन जातींच्या चेंडूंनी खेळायचे, प्रत्येक राउंडनंतर वहीत नोंद करायची आणि मगच महागडा चेंडू आपल्यासारख्याला फायद्याचा आहे का, याबद्दल काही बोलायचे. त्या काळात चोवीस राउंड झाले. त्यांतले बहुतेक येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर झाले, काही बाहेरगावी. सुरुवातीला माझा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) 19.6 होता आणि ड्रायव्हरचा, म्हणजे पहिल्या लांब फटक्याच्या काठीचा, वेग लाँच मॉनिटर या मोजणी यंत्रावर ताशी 87 ते 89 मैल भरला होता. म्हणजे क्लबांतून शनिवार-रविवारी दिसणारा अगदी मधला खेळाडू, आणि या नोंदी त्याच्यासाठीच आहेत.

तीन चेंडू असे निवडले : टायटलिस्टचा प्रो व्ही-वन, श्रिक्सनचा क्यू-स्टार टूर आणि कॅलावेचा सुपरसॉफ्ट. पहिले दोन थ्री-पीस, म्हणजे तीन थरांचे, असून त्यांचे आवरण युरेथेन या मऊ प्लास्टिकचे आहे. तिसरा टू-पीस असून त्याचे आवरण आयनोमर या टणक प्लास्टिकच्या जातीचे, म्हणजे आपण ज्याला सवयीने सर्लिन म्हणतो त्या कुळातले आहे. मला डझनामागे अनुक्रमे सुमारे साडेपाच, साडेतीन आणि अडीच हजार रुपये पडले. दोन युरेथेन चेंडू मुद्दाम घेतले, कारण फरक पडलाच तर तो किमतीमुळे पडतो की आवरणामुळे, हे मला वेगळे करून पाहायचे होते.

ड्रायव्हरचे प्रकरण लवकर आटोपते. चोवीस राउंडांत टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीला, मारलेल्या फटक्यांच्या लांबीत मला चेंडूनुसार एकही भरवशाचा फरक सापडला नाही. माझा मधोमध बसलेला फटका आणि टोकाकडे बसलेला फटका यांत वीस-पंचवीस यार्डांचे अंतर पडते. त्या गर्दीत चेंडूमुळे पडणारे चार-दोन यार्ड दिसणारच नाहीत. शिवाय खेळाचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमांनी चेंडूला आधीच चौकटीत बसवले आहे. वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि यंत्राने ताशी 120 मैल वेगाने मारल्यावर ठरलेल्या कसोटीत तो 317 यार्ड, सवलत धरून 320, ओलांडता कामा नये. स्वस्त चेंडूही या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचलेले असतात. त्यामुळे 'लांब जाणारा' असे खोक्यावर छापलेले शब्द वाचून पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे चेंडू किती दबतो याबद्दलचा, समजही याच जागी बाजूला ठेवावा असे मला वाटते. 'स्विंग मंद असेल तर मऊ चेंडू घ्या, तो तुमच्याकडून जास्त दबेल आणि लांब जाईल' असा सल्ला मला किमान चार जणांनी दिला. मऊ चेंडू पटरवर (भोकाकडे चेंडू घरंगळवण्याच्या काठीवर) आणि लोखंडी क्लबवर सुखद वाटतो यात शंका नाही, पण मऊपणामुळे वेग वाढत नाही. उलट तो किंचित घटतो, आणि हे जलद व मंद अशा दोन्ही स्विंगना लागू आहे. मंद स्विंगवाल्याचे नुकसान कमी असते, एवढेच.

'महागडा चेंडू आपल्यासाठी नाही, तो जास्त वळतो आणि लगेच चिरतो' हे जुन्या सभासदांचे मत मात्र अनुभवातून आलेले आहे आणि त्याचा मान ठेवून त्याची तारीख सांगणे आवश्यक आहे. 1990 च्या दशकापर्यंत व्यावसायिकांचा चेंडू म्हणजे गाभ्याभोवती रबराचा धागा ताणून गुंडाळलेला आणि वर बलाटा या रबरासारख्या पदार्थाचे मऊ आवरण असलेला चेंडू होता. तो ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, थांबायचा, पण ड्रायव्हरवरही भरपूर फिरत असल्यामुळे आपल्यासारख्याचा स्लाइस, म्हणजे बाजूला वळणारा फटका, आणखी वळवायचा, आणि आयर्नची, म्हणजे लोखंडी क्लबची, खालची धार लागली की त्याला चंद्रकोरीसारखी चीर पडायची. सामान्य माणसाने टू-पीस घ्यावा, लांबी आणि टिकाऊपणा मिळवावा आणि ग्रीनवरच्या नियंत्रणावर पाणी सोडावे, हा त्या काळचा शहाणा सौदा होता. 2000 साली तो सौदाच बदलला. मे महिन्यात टायगर वुड्सने घन गाभ्याचा चेंडू हाती घेतला आणि जूनमध्ये पेबल बीचवर यूएस ओपन पंधरा फटक्यांच्या आघाडीने जिंकली; ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत प्रो व्ही-वन प्रथम उतरला आणि डिसेंबरमध्ये दुकानांत आला. घन गाभा आणि त्यावर युरेथेनचे पातळ आवरण ही रचना तेव्हापासून रुळली. ड्रायव्हरवर कमी फिरायचे आणि वेजवर, म्हणजे जवळच्या उंच फटक्याच्या क्लबवर, जास्त फिरायचे, ही दोन्ही कामे आता एकच चेंडू करतो. म्हणून आज महागडा चेंडू स्लाइस वाढवतो म्हणून टाळण्याचे कारण उरलेले नाही.

आता ज्यासाठी ही वही ठेवली त्या भागाकडे येतो. सराव ग्रीनच्या बाहेर, ग्रीनच्या कडेपासून सुमारे पंचवीस यार्डांवर मी एक जागा ठरवली आणि 56 अंशांच्या वेजने तीस यार्डांचे पिच, म्हणजे छोटे उंच फटके, मारायचे ठरवले. माझी क्लबांची पिशवी वाहणारे कॅडी काका प्रत्येक वेळी चेंडू छापील बाजू खाली करून ठेवायचे आणि कोणता ठेवला ते त्यांच्या वहीत लिहायचे. मी मारायचो, चेंडू जिथे पडला ती खूण पाहायचो आणि तिथून तो जिथे थांबला तिथपर्यंत पावले मोजायचो. प्रत्येक जातीचे पंधरा चेंडू, आलटून पालटून.

जुलैत केलेली पहिली चाचणी वाया गेली असे तेव्हा वाटले होते. ग्रीन पावसाने इतके मऊ झाले होते की कोणताही चेंडू पडला तिथेच रुतायचा, आणि ओले गवत क्लब व चेंडू यांच्यामध्ये येत असल्याने फिरकी कुणालाच धड मिळत नव्हती. तिन्ही चेंडू दोन ते तीन पावलांत थांबले. पण आज मागे वळून पाहता तीच नोंद मला सर्वांत उपयोगाची वाटते, कारण आपल्याकडे वर्षातले जवळपास तीन महिने ग्रीनच चेंडू थांबवतो आणि त्या काळात फिरकीसाठी मोजलेला पैसा चिखलात जातो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीन कोरडे आणि टणक झाल्यावर तीच चाचणी पुन्हा केली. सुपरसॉफ्ट पडल्यानंतर सरासरी नऊ पावले घरंगळला, प्रो व्ही-वन पाच आणि क्यू-स्टार टूर साधारण साडेपाच. हवेतही फरक दिसत होता. टू-पीस चेंडू क्लबच्या मुखावरून किंचित घसरत वर चढतो, म्हणून जरा उंच निघतो आणि कमी फिरतो. युरेथेनचा चेंडू मुखाला चिकटल्यासारखा वाटतो, खालून निघतो, पहिल्या टप्प्यावर पुढे जातो आणि दुसऱ्या टप्प्यावर ओढून धरल्यासारखा अडखळतो. पंधरा फटक्यांनंतर वेज उन्हात तिरपी धरली तर खाचांमध्ये पांढऱ्या आवरणाची बारीक भुकटी बसलेली दिसली आणि चेंडूवर नखाने ओरखडल्यासारख्या तीन-चार समांतर रेघा. पकड कुठून येते ते मला त्या रेघा पाहून कळले. टू-पीस चेंडू त्या मानाने जवळजवळ कोरा होता.

नऊ आणि पाच या आकड्यांतला चार पावलांचा फरक माझ्या दृष्टीने मोठा आहे. नऊ पावले म्हणजे दुसरा पट (पटरचा फटका) आठ-दहा फुटांचा. पाच पावले म्हणजे कधी कधी तीन-चार फुटांचा. मात्र त्याच पंधरा फटक्यांत प्रत्येक जातीचे तीन-चार चेंडू मी पातळ मारले, म्हणजे क्लबची धार चेंडूच्या मध्यावर लागली, आणि ते कोणत्याही आवरणाचे असोत, पंधरा-सोळा पावले पळाले. फटका नीट बसला तरच आवरणाला काम करायची संधी मिळते. पटिंगमध्ये तर मला काहीच वेगळे जाणवले नाही. आवाज ऐकून ओळखू येत होते, निकालावरून नाही.

दुसरी बाजू हरवलेल्या चेंडूंची. चोवीस राउंडांत एकूण एक्कावन्न चेंडू गेले, म्हणजे राउंडला दोनाहून थोडे अधिक. प्रो व्ही-वन हरवला की साडेचारशेहून जास्त रुपये जातात, सुपरसॉफ्ट हरवला की दोनशेच्या आसपास. राउंडला पाचशे रुपयांचा फरक झाला. पण पैशांपेक्षा वाईट परिणाम मनावर होत होता. नोव्हेंबरमध्ये पाण्यावरून जाणाऱ्या एका शॉर्ट होलवर मी नव्या चेंडूने तीन वेळा उभा राहिलो आणि तीनही वेळा स्विंग अर्ध्यात सोडला. तिसऱ्या खेपेला काका म्हणाले, "साहेब, हा बॉल तुम्ही जपून मारताय. जपलं की तो पाण्यातच जातो." मी विचारले, "मग काय करू, काका?" त्यांनी पिशवीतून जुना टू-पीस काढून दिला. चेंडू ग्रीनवर गेला, पण मला ते पुरेसे उत्तर वाटले नाही. नियमानुसार प्रत्येक होलच्या सुरुवातीला चेंडू बदलता येतो, समितीने वेगळा स्थानिक नियम केला नसेल तर. असे बदलत राहिले की ग्रीनजवळ गेल्यावर आपला चेंडू किती घरंगळणार हा अंदाज हातात बसत नाही, आणि मी तर तोच अंदाज कमवायला निघालो होतो.

म्हणून डिसेंबरपासून एकच चेंडू ठरवला, क्यू-स्टार टूर. टीपासून शेवटच्या पटपर्यंत तोच. पाण्यापुढे त्याची किंमत मला अडवत नाही आणि पुढे जानेवारीत दिसले तसे टणक ग्रीनवर तो महागड्यापेक्षा जेमतेम अर्धे पाऊल जास्त जातो, जे माझ्या हाताच्या चुकीपुढे नगण्य आहे. माझ्यासारख्या खेळाडूने युरेथेनचे आवरण घ्यावे, सर्वांत वरची किंमत मोजू नये आणि जात बदलू नये, या मतावर मी आलो आहे. राउंडला चार-पाच चेंडू हरवत असतील तर मात्र आधी टू-पीसच बरा. कारण तिथे तीस यार्डांच्या आतला फायदा हरवलेल्या चेंडूच्या स्ट्रोक-अँड-डिस्टन्सच्या दंडात (एक फटका वाढतो आणि आधीच्या जागेवरून पुन्हा मारावे लागते) बुडून जातो.

फेब्रुवारीअखेर माझा इंडेक्स 17.9 झाला. त्याचे श्रेय मी चेंडूला देणार नाही, कारण चाचणीच्या निमित्ताने मी त्या ठरलेल्या जागेवरून या आठ महिन्यांत जितके पिच मारले तितके आधीच्या चार वर्षांत मारले नव्हते.

पुढची नोंद खाचांची असेल. ही वेज पाच वर्षे जुनी आहे आणि मधल्या खाचांच्या कडा बोटाला गुळगुळीत लागतात. एप्रिलमध्ये ग्रीन सर्वांत टणक असताना त्याच जागेवरून, त्याच दोन आवरणांनी, जुनी आणि नवी अशा दोन 56 अंशांच्या वेजनी पावले मोजणार आहे. उरलेले सात प्रो व्ही-वन त्या सकाळसाठी वेगळ्या पिशवीत ठेवले आहेत.