केनिया आणि पिवळी पुस्तिका

तिकिटं झाली, केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचं बुकिंग झालं. निघायला जेमतेम २० दिवस उरले असताना ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस घेतलीत ना?" मी उडालेच. आमचा एजंट तर म्हणाला होता, "तिकडे कोणी काही विचारत नाही हो."

गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया या लसीचं प्रमाणपत्र मागत नाही. मागतो आपलाच देश, परत येताना! ते नसेल तर विमानतळावरून घरी न जाता ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात. शिवाय प्रमाणपत्र लागू होतं ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी. म्हणजे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच जावं लागतं. तिथेही ठरावीक वारी, आधी नाव नोंदवून. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवूनच लस देतात. आम्हाला वार मिळाला, पण खरी काळजी आईची होती. ती ६७ वर्षांची. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, त्यामुळे साठीपुढच्यांना देताना डॉक्टर जपून असतात. आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तिची फाईल घेऊन गेले. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारं काही औषध चालू आहे का, सगळं विचारून त्यांनी होकार दिला. मलेरियाच्या गोळ्याही तेव्हाच लिहून घेतल्या. केंद्रावर लस घेतल्यावर पिवळी पुस्तिका, म्हणजेच ते प्रमाणपत्र, हातात आली. २०१६पासून ती आयुष्यभर चालते, असं कळल्यावर आई म्हणाली, "मग एकाच ट्रिपवर भागवायचं की काय?"

प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए, घरबसल्या झाली. विमा घेताना जंगलातून विमानानं हलवायची सोय त्यात आहे ना, तेवढं नीट वाचून घेतलं.

मग फराळ. चिवडा, लाडू, थेपले, सगळं आईनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं. केनियात २०१७पासून अशा पिशव्यांना बंदी आहे आणि दंड जबर. बॅगा पुन्हा उघडल्या, सगळं डब्यांत आणि जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्यांत भरलं. या कामात एक अख्खी संध्याकाळ आणि थोडं भांडण गेलं.

मारात सिंह दिसले, पहाटे स्वेटर लागले, आईला तिथला 'चाय' आवडला. मुंबईला उतरल्यावर आरोग्य कक्षातल्या माणसानं पुस्तिका उघडली, तारीख पाहिली, परत दिली.

आई खट्टू झाली. "एवढंच?"