मे महिन्यातली पांढरी बोटं

मुंबईत राहणाऱ्या माणसाने "थंडीने माझी बोटं पांढरी पडतात" असं सांगितलं की समोरचा आधी पंख्याकडे बघतो. फॅमिली डॉक्टर, शेजारीण, ऑफिसातली मंडळी, सगळ्यांनी मला हेच विचारलं: इथे कुठली आलीय थंडी? या एका प्रश्नापायी माझ्या रेनॉ या विकाराचं निदान लांबलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मी दादरला एका बँकेत काउंटरवर काम करते. एसीचा झोत थेट माझ्या खुर्चीवर येतो. शाखा उघडून थोडा वेळ झाला की उजव्या हाताची मधली दोन बोटं टोकापासून मधल्या पेरापर्यंत पांढरी फटक पडायची. पांढरं कुठे संपतं आणि माझा नेहमीचा रंग कुठे सुरू होतो, ते नेमकं दाखवता यायचं. त्या बोटांना स्पर्श कळायचा नाही. दोन नोटा एकमेकींना चिकटलेल्या असल्या तरी समजायचं नाही, आणि कॅशच्या कामात ही केवढी जोखीम असते ते कॅशिअरलाच विचारा. मग बोटं निळसर व्हायची, शेवटी लालबुंद होऊन ठणकायची. डबा खाऊन आल्यावर बायोमेट्रिक मशीन बोट घ्यायचं नाही. एखादा खातेदार तावातावाने भांडायला लागला तरी तेच. गारठा आणि ताण, दोन्हींनी व्हायचं.

पहिल्यांदा कोणी ते गांभीर्याने घेतलं असेल तर आमच्या मासळी बाजारातल्या मावशींनी. बर्फातला बांगडा मी हातात घेतला आणि त्यांच्यासमोरच बोटं पांढरी झाली. "आम्ही दिवसभर बर्फात हात घालतो, आमचे नाय होत असे. डाक्टरला दाखव," म्हणाल्या.

दाखवत तर होतेच. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, मानेचा एक्स-रे, सगळं झालं. निघालं काही नाही, तरी "सर्व्हायकल असेल" म्हणून पट्टा मिळाला. त्यातच मायग्रेनसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. बोटांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मला त्याचा संबंध ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या गोळीने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आक्रसू शकतात. माझे झटके वाढले. मायग्रेनच्या इतर काही गोळ्या आणि सर्दीवरची स्यूडोएफेड्रिन असलेली औषधंही याच कारणाने टाळायची असतात, हे मला खूप नंतर कळलं.

वाट सापडली ती त्वचारोगतज्ज्ञांकडे. गेले होते कोरड्या त्वचेसाठी. त्यांनी सहज माझ्या नखांच्या मुळाशी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, धरला, थोडा वेळ बघितलं आणि रुमॅटॉलॉजिस्टच्या, म्हणजे संधिवाततज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयाची ओपीडी. केसपेपर, रांग, बाकडं, त्याबद्दल मुंबईकरांना नवीन काय सांगायचं. आत गेल्यावर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "बोटं पांढरी असतानाचा फोटो आहे का?" नवऱ्याने मोबाइलवर काढून ठेवला होता. तो बघून त्यांनी नाव सांगितलं: रेनॉ. १८६२ साली पॅरिसमध्ये मॉरिस रेनॉ नावाच्या डॉक्टरांनी आपल्या प्रबंधात या विकाराचं वर्णन केलं, त्यांचंच हे नाव. ज्यांना असं होतं त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: झटका आला की आधी फोटो काढा. ओपीडीत तुमचा नंबर लागेपर्यंत बोटं पुन्हा गुलाबी झालेली असतात.

मग मॅडमनी दोन प्रकार समजावले. बहुतेकांचा रेनॉ प्राथमिक असतो. रक्तवाहिन्या मुळात धडधाकट, फक्त गारव्याला जास्तच दचकतात. त्रास होतो, पण बोटांना इजा सहसा होत नाही. दुसरा प्रकार दुय्यम. त्याच्या मागे शरीराच्या स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा आजार असतो: स्क्लेरोडर्मा (यात कातडी घट्ट होत जाते), ल्युपस, मिश्र संयोजी ऊतक विकार असे. यात रक्तवाहिनीचं अस्तरच जाड होत जातं. स्क्लेरोडर्माच्या दहातल्या नऊहून अधिक पेशंटना रेनॉ असतो, आणि पुष्कळदा तो कातडी घट्ट होण्याच्या कितीतरी वर्षं आधी येतो. म्हणजे बोटं आधी सांगत असतात. ऐकणारा हवा.

हे ओळखायला दोन तपासण्या. एक रक्ताची, एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटलेल्या अँटीबॉडी शोधणारी. ती इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने करा असं त्यांनी मुद्दाम चिठ्ठीवर लिहिलं, कारण त्यात नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कळत नाही, पेशीत अँटीबॉडी कुठे जाऊन चिकटतात तो नमुनाही दिसतो. दुसरी, नखाच्या मुळाची कॅपिलरोस्कोपी. त्यासाठी आधी काही आठवडे नेलपॉलिश नाही, मॅनिक्युअर नाही, नखाजवळची कातडी कुरतडायची नाही.

ही दुसरी तपासणी मी जन्मात विसरणार नाही. सुई नाही, दुखणं नाही. थोडा वेळ खोलीत शांत बसवलं, मग करंगळीशेजारच्या बोटाच्या नखाच्या कडेवर तेलाचा थेंब ठेवून वर एक छोटा मायक्रोस्कोप टेकवला. स्क्रीनवर माझंच रक्त वाहताना दिसत होतं. आधी शेजारच्या कोणाच्या तरी नॉर्मल बोटाचं चित्र दाखवलं: केसांच्या आकड्यांसारख्या बारीक केशवाहिन्या, एका ओळीत, एका मिलिमीटरमध्ये सात किंवा जास्त. माझ्या बोटात ओळ होती, संख्याही ठीक होती, पण मधूनच एखादी फुगून ढबूस झालेली. वळणापाशी ५० मायक्रॉनपेक्षा रुंद झाली की तिला जायंट म्हणतात. एका ठिकाणी रक्ताचा बारीक तपकिरी ठिपका होता. तपासणारी मुलगी निवासी डॉक्टर होती, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. ती म्हणाली, "ताई, हा सुरुवातीचा पॅटर्न आहे. सुरुवातीलाच आलात ते बरं झालं."

एएनए पॉझिटिव्ह आली, नमुना सेंट्रोमिअरचा, म्हणजे स्क्लेरोडर्मात आढळणाऱ्या अँटीबॉडींपैकी एकीचा.

आता इथून पुढची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण मला आजार आहे की नाही याचं सरळ उत्तर मिळालं नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी २०१३ साली स्क्लेरोडर्मासाठी गुणांची पद्धत ठरवली. ९ गुण झाले की आजार त्या व्याख्येत बसतो. रेनॉचे ३, बदललेल्या केशवाहिन्यांचे २, विशिष्ट अँटीबॉडीचे ३. माझे झाले ८. बोटं सुजलेली असती तर आणखी २ मिळाले असते. सूज नव्हती. शाळेत एका मार्काने कोणी नापास झालं तर घरी रडारड व्हायची. इथे तो एक मार्क कमी पडलेला बघून मला हायसं वाटलं, आणि त्याच रात्री झोप लागली नाही.

कारण मॉन्ट्रियलचा अभ्यास. तिथल्या डॉक्टरांनी रेनॉच्या ५८६ पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००८ साली निष्कर्ष छापले. एकूण १२.६ टक्के लोकांना पुढे स्क्लेरोडर्मा झाला. ज्यांच्या केशवाहिन्याही बदललेल्या होत्या आणि अँटीबॉडीही होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ७९.५ टक्के. ज्यांच्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं त्यांच्यात फक्त १.८ टक्के. मी कुठल्या गटात, हे सांगायला कोणी लागलं नाही.

पुढच्या भेटीत मी हे आकडे मॅडमपुढे ठेवले. त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, "आकडे खरे आहेत. पण झाला म्हणजे हात कामातून गेले असा अर्थ काढू नका. सेंट्रोमिअरवाल्यांचा आजार बहुधा सावकाश चालतो. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब मात्र पुष्कळ वर्षांनीही वाढू शकतो, म्हणून दरवर्षी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि फुफ्फुसांची तपासणी चुकवायची नाही." या उंबरठ्यावरच आजाराला थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध आज नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला हा स्पष्टपणा आवडला. खोट्या दिलाशाने मी चिडले असते.

मग त्यांनी विचारलं, विभागात अशाच उंबरठ्यावरच्या पेशंटचा अभ्यास चालू आहे, तुम्ही याल का?

घरी आई म्हणाली, "म्हणजे तुझ्यावर प्रयोग करणार?" मी तिला माहितीपत्रक वाचून दाखवलं. ते मराठीत होतं आणि समजेल अशा मराठीत होतं. कुठलंही नवीन औषध द्यायचं नव्हतं. फक्त दर काही महिन्यांनी बघायचं, मोजायचं, नोंद ठेवायची. कारण न देता कधीही बाहेर पडता येईल आणि त्याचा उपचारांवर परिणाम होणार नाही, असं लिहिलेलं होतं. एथिक्स कमिटीचा नंबर होता. उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी साठवायला वेगळी सही होती, नको असेल तर ती रिकामी ठेवायची. मी दोन्ही सह्या केल्या.

पण खरं कारण माहितीपत्रक नव्हतं. ओपीडीच्या बाकड्यावर माझ्या शेजारी चिपळूणहून आलेल्या एक बाई बसायच्या. त्यांच्या तीन बोटांच्या टोकांना जखमा होत्या, डाळीच्या दाण्याएवढ्या, पण महिनोन्‌महिने न भरणाऱ्या. लसूण सोलता येत नाही, साडीची पिन लावता येत नाही, सून लावून देते म्हणाल्या. अशा जखमांसाठी बोसेंटान नावाचं औषध आहे. २०११ साली छापलेल्या १८८ पेशंटच्या चाचणीत त्याने नव्या जखमा ३० टक्क्यांनी कमी झाल्या, पण असलेल्या जखमा लवकर भरल्या नाहीत. म्हणजे जे आहे ते अपुरं आहे. त्यांची बोटंही कधीतरी माझ्यासारखी नुसतीच पांढरी पडत असणार. तेव्हा कोणी बघितलं नाही. माझी बघायला कोणी तयार असेल तर मी नाही कसं म्हणू?

अभ्यासात एक गार पाण्याची चाचणी होती. हातमोजे घालून १५ अंश पाण्यात एक मिनिट हात बुडवायचे आणि नंतर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली ठेवायचे. नवऱ्याचे हात आम्ही हौसेने बघून घेतले. भराभर केशरी, पिवळे होत गेले. माझ्या बोटांची टोकं निळी ती निळीच. अंगठे मात्र लवकर सावरले.

आणि डायरी. रोज रात्री लिहायचं: झटके किती आले, एकूण किती मिनिटं टिकले, आणि दिवसभरात त्रास किती झाला, शून्य ते दहा. जगभरच्या रेनॉच्या चाचण्यांत हीच पद्धत वापरतात, आणि त्या बहुतेक करून हिवाळ्यात घेतात, कारण तिकडे झटके तेव्हाच जास्त. माझ्याकडून ती डिसेंबरात भरून घेतली आणि मग मे महिन्यात. निवासी डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांनाही नवल वाटलं. डिसेंबरची पानं बरीच शांत. सकाळी हवा गार, पण शाखेत एसी बेताचाच असतो आणि मी शाल घेऊन बसते. मे महिन्याची पानं भरलेली. बाहेरून घामाघूम होऊन आत यायचं, सगळे म्हणतात बावीसवर ठेवा, अंगावरचा घाम गार पडतो आणि बोटं गेली. एसी लोकलमध्ये स्टीलचा दांडा धरला तरी तेच. रक्तवाहिनीला पारा किती आहे यापेक्षा तो एकदम किती उतरला हे जास्त लागतं. माझ्या गावात थंडी डिसेंबरात नाही, मे महिन्यात आहे, आणि ती यंत्रातून येते. पेशंटला "थंडीत त्रास होतो का?" असं विचारलं तर मुंबईकर नाही म्हणणार. "एसीत बसल्यावर काय होतं?" असं विचारायला हवं. पुढच्या फॉर्ममध्ये एसीच्या तासांचा वेगळा रकाना आला. तो बघून मला जे वाटलं ते पगारवाढीच्या पत्रानेही वाटलं नव्हतं.

संशोधन पुढे जातंय, हे कळलं की बरं वाटतं. २०२३ साली पाच हजारांवर रेनॉ-पेशंटच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. त्यात ताणाच्या संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या एका ग्राहीच्या जनुकाचा, एडीआरए२ए चा, ठळक संबंध दिसला. काउंटरवरच्या भांडणानेही माझी बोटं का पांढरी पडतात, याचा धागा त्यात असेल असं मला वाटतं. ते पेशंट ब्रिटनमधले होते. आपल्याकडच्या रक्ताचं काय, ते आपल्याकडच्याच लोकांनी दिलं तर कळेल.

सध्या मी निफेडिपिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, घेते. पावलांवर थोडी सूज येते, पण झटके कमी आहेत. प्रोप्रॅनोलॉल पहिल्याच दिवशी बंद झालं होतं. मॅनेजर साहेबांना रुग्णालयाचं पत्र दाखवल्यावर त्यांनी माझी खुर्ची झोताखालून हलवली आणि हजेरी कार्डवर केली. पत्राशिवाय हे झालं नसतं, म्हणून ते मागून घ्या. डॉक्टर देतात.

मागच्या महिन्यात आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी वॉटर कूलरपाशी हात चोळत उभी होती. चार बोटं पांढरी. मी तिथल्या तिथे फोटो काढला आणि तिला परळला पाठवलं. तिची एएनए निगेटिव्ह आली, केशवाहिन्या एका ओळीत, एकसारख्या. मॅडमनी तिला मोजे वापर आणि निश्चिंत राहा असं सांगितलं. तिने रिपोर्ट मला दाखवायला आणला तेव्हा तिची आईही सोबत आली होती, घरचे तिळाचे लाडू घेऊन.