शेरा : पिण्यायोग्य

सात आठवडे. घरच्या पाण्यात नेमकं काय आहे हे कळायला मला सात आठवडे लागले, आणि ज्यांच्याकडे त्याचे पैसे भरले त्यांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला ते हवं होतं कॉफीसाठी. हसा खुशाल, त्या काउंटरवरचे लोकही हसले होते.

आधीचं पटकन सांगते. आमच्या घरात कॉफी म्हणजे आईची : दूध, साखर, जायफळ, वेलची, आणि वर साय आली तर ती कुणाला यावरून भांडण. धरमपेठेच्या कॉफी हाऊस चौकातून रोज बँकेत जात असूनही मी जन्मात काळी कॉफी प्यायले नव्हते. मग चिखलदऱ्याला गेलो. विदर्भात कॉफी पिकते ती तिथेच. येताना भाजलेल्या बिया पाव किलो आणल्या आणि तिथून हे वेड लागलं. चिनी मातीचं नरसाळं, कागदी फिल्टर, हातानं फिरवायची चक्की. इतवारीच्या सराफ्यात असतो तसला छोटा काटा घेतला, कारण चमच्यानं कॉफी मोजणं म्हणजे अंदाजपंचे. गडद भाजलेल्या बिया हलक्या असतात, त्यामुळे चमचा तोच पण वजन वेगळं. १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, सगळं मिळून तीन मिनिटं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, म्हणजे इथे पाणी ९९ अंशांना उकळतं. डोंगरावर राहणाऱ्यांना असते तशी कटकट आपल्याला नाही. हे सगळं दोन आठवड्यांत जमलं.

जमलं म्हणजे काही दिवशी जमलं. सोमवारी कॉफीला संत्र्याच्या सालीचा वास आणि छान आंबटगोड चव. मंगळवारी त्याच बिया, तेच वजन, तेच तापमान, आणि तोंडात पाटी पुसल्याची चव. खडूची. मी चक्की बारीक केली, जाड केली, फिल्टर बदलला. मग डायरीत तारखा लिहायला लागले. (बँकेतली सवय. फरक लागला नाही की आधी नोंदी बघायच्या.) तीन आठवड्यांनी वॉचमनकाकांशी सहज बोलताना उलगडा झाला : "नळाले जोर नसला का टाकीत बोअर सोडतो ना मॅडम, नाहीतर तुम्हीच ओरडता."

म्हणजे एक दिवस नळाचं, पेंच धरणातून येणारं पाणी, दुसऱ्या दिवशी त्यात बोअरचं. आम्ही पश्चिम नागपूरचे, पायाखाली काळा बेसाल्ट. त्यातून झिरपून आलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं.

इथे जरा शास्त्र, कारण माझं भांडण त्यावाचून कळणार नाही. पाण्यातल्या दोन गोष्टी कॉफीला लागतात, आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. एक कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. हे कॉफीतले चवीचे रेणू धरून बाहेर ओढतात, त्यातही मॅग्नेशियमची पकड जास्त. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हेंडन या रसायनशास्त्रज्ञानं कॉफीवाल्यांबरोबर २०१४ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. दुसरी गोष्ट क्षारता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. ते आम्ल मारतं. पित्त झाल्यावर आपण सोडा घेतो तेच काम, फक्त कपात. क्षारता फार असली तर कॉफीतला छान आंबटपणा मरून खडू उरतो, अगदीच नसली तर कॉफी चिंचेच्या पाण्यासारखी लागते. कॉफीवाले साधारण ४० ते ७० मिलिग्रॅम प्रतिलिटर मानतात. मला एवढा एकच आकडा हवा होता. माझ्या नळाची क्षारता किती?

आरओवाला आला, पेन बुडवून म्हणाला, "टीडीएस पंचवीस. एकदम मिनरल." टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, आणि ते पेन फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघून आकडा दाखवतं. मीठ कालवलेलं पाणी आणि चुन्याचं पाणी त्याला सारखंच. शिवाय आरओच्या पाण्यातली कॉफी मी केली होती : पातळ आणि आंबट, कुणीतरी चव गाळून घेतल्यासारखी.

म्हणून प्रयोगशाळा. पाण्याचं नाव काढलं की नागपूरकराला नीरी, म्हणजे इथली राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था, आठवते. मी तिथे गेलेच नव्हते, तेव्हा त्यांना यात ओढू नका. मी गेले घराजवळच्या एका साध्या ठिकाणी, बाहेर 'पाणी तपासून मिळेल' अशी पाटी होती तिथे.

पहिली खेप : विकतच्या पाण्याची रिकामी बाटली धुऊन त्यात नमुना नेला. चालत नाही. कॅन त्यांच्याकडूनच घ्यायचा. बरं, दिला का? कॅन संपले होते, गुरुवारी या. गुरुवारी कॅन मिळाला, पण नमुना सकाळी बारापर्यंतच घेतात, आणि माझी बँक दहाला सुरू होते. तिसऱ्या खेपेला अर्धी रजा टाकून साडेदहाला हजर. काउंटरवर कुणी नाही, पंखा मात्र चालू. सव्वाअकराला एक गृहस्थ आले आणि त्यांनी फॉर्म दिला.

फॉर्मवर रकाना होता : 'तपासणीचा हेतू'. पुढे चार चौकोन. पिण्यासाठी, शेतीसाठी, बांधकामासाठी, औद्योगिक. मी प्रामाणिकपणे कडेला लिहिलं : कॉफी.

"कॉफी? कंपनी टाकून राहिले काय?"

"नाही हो, घरीच करते."

"मग पिण्यासाठीच झालं ना जी. कॉफी काय शेतात टाकता?" मागचा माणूस खोखो हसला. मीही हसले. त्या हसण्याची किंमत पुढे मोजली. त्यांनी माझी 'कॉफी' खोडली, 'पिण्यासाठी'वर खूण केली, पैसे घेतले, पावती दिली. मी दोनदा म्हटलं, दादा, मला अल्कलिनिटी पाहिजे, क्षारता. ते म्हणाले, "सगळंच येते त्यात." आठ दिवसांनी या.

आठ दिवसांनी : साहेब सुटीवर. नंतर : केमिकल आलं नाही. नंतर : मार्च एंडिंग. मार्च एंडिंग! बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला! एरवी हे कारण आम्ही लोकांना देतो. फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा उचलला आणि 'नमुना क्रमांक सांगा' म्हणाले. मी सांगितला, तर पलीकडून थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज आला आणि मग, "तो नमुना सांडला वाटते. परत आणून द्या."

परत आणून दिला. परत अर्धी रजा. या वेळी एप्रिल लागला होता, ऍक्टिव्हाच्या सीटवर बसवत नव्हतं आणि पायाशी पाच लिटरचा कॅन.

हे वाचून कुणी जाणार असेल तर ऐका : नमुना भरण्याआधी नळ दोन-तीन मिनिटं सोडून ठेवा, कॅन त्याच पाण्यानं विसळा, काठोकाठ भरा. आणि पावतीच्या मागे, कोणकोणत्या चाचण्या करणार ते त्यांच्याच हातानं लिहून घ्या. हे मला कुणी आधी सांगितलं नाही.

या सगळ्यात भाचा घरी आला. त्याच्याकडे माशांचा टँक आहे. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "मावशी, केएच पाहिजे का तुला? माझ्याकडे किट आहे." केएच म्हणजे मासेवाल्यांच्या भाषेत क्षारताच. किट म्हणजे मासेवाल्या दुकानात मिळणारी बोटभर बाटली. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा, पाणी निळं होतं. निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितके अंश, आणि एक अंश म्हणजे १७.९ मिलिग्रॅम प्रतिलिटर. ओट्यावर उभं राहून आम्ही मोजलं. बोअर सोडलेल्या दिवशीचं पाणी बाराव्या थेंबाला पिवळं : सुमारे २१५. दोन दिवसांनी नुसत्या नळाचं, सहाव्या थेंबाला : १०७. आरओचं पहिल्याच थेंबाला. एका मोजणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या अर्ध्या रजा मोजत बसले.

पुढचं नुसतं गणित. नळाच्या दिवशी दोन भाग आरओ, एक भाग नळ. बोअरच्या दिवशी पाच भाग आरओ, एक भाग नळ. दोन्हीकडे क्षारता ५० च्या आसपास येते. पहिला कप केला, तो आईनंही बिनदुधाचा घोटभर घेतला आणि म्हणाली, "बरी आहे. जायफळ घाल." माझ्या मते संत्र्याची साल परत आली होती.

एक राहिलंच. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की दळलेली कॉफी चक्कीला चिकटते आणि ओट्यावर उडते. ती स्थिर वीज. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवा, चिकटणं जातं. हेंडनच्याच गटानं ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांबरोबर २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं. कूलरसमोर दळलं तरी फरक पडतो, हे मात्र माझं संशोधन. आणि मिक्सरमध्ये दळू नका. अर्धी भुकटी कडू होते, उरलेले खडे आंबट.

तर रिपोर्ट. सातव्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. गढूळपणा, पीएच, टीडीएस, क्लोराईड, एकूण कठीणपणा, जिवाणू. क्षारता नाही. खाली शिक्का आणि शेरा : पिण्यायोग्य. अहो, पिण्यायोग्य आहे हे मला माहीत होतं, इतकी वर्षं पितेच आहे! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारतेची मर्यादा २०० दिलेली आहे, म्हणजे ही चाचणी काही मी चंद्रावरून मागितली नव्हती. पीडीएफ छापून घेऊन गेले. तेच गृहस्थ. शांतपणे कागद बघून म्हणाले, "साध्या पॅकेजमध्ये येत नाही मॅडम. बांधकामावर खूण केली असती तर आली असती. सिमेंटले लागते ना ते."

मी काही बोलले नाही. रिपोर्ट घडी करून पर्समध्ये टाकला. आता त्यावर दळताना उडालेली कॉफी गोळा करते, कागद जाड आहे.

किट मी स्वतःचं घेतलं. पण रोज थेंब मोजावे लागत नाहीत. सकाळी साडेसहाला वॉचमनकाका खालूनच ओरडतात, "मॅडम, आज बोअर!"