रिपोर्ट निघाला की बिलिंग का अडायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची बिलिंगची सिस्टम मी बघतो. दुपारी तीनला वर्षभराच्या विक्रीचा रिपोर्ट काढला की पुढची पंधरा-वीस मिनिटं बिलिंगच्या ताई स्क्रीनकडे बघत बसायच्या, बाहेर टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि बिल काही येत नाही. सगळे म्हणाले रॅम वाढवा, पण मला पटेना, अकरा वाजता त्याच रॅमवर सगळं पळत होतं की!

आमचा डेटाबेस मायएसक्यूएल. त्यातला डेटा ठेवायचं-वाचायचं काम करणारा भाग म्हणजे इनोडीबी, ते डिस्कवरनं डेटाचे 16 केबीचे तुकडे, म्हणजे पेजं, उचलून रॅममधल्या राखीव जागेत, बफर पूलमध्ये ठेवतं, जागा संपली की बरेच दिवस कुणी हात न लावलेलं पेज बाहेर. पण नवीन पेज पूलमधल्या पेजांच्या यादीच्या वरच्या टोकाला बसत नाही, खालच्या साधारण 37 टक्के 'ओल्ड' भागाच्या तोंडाशी बसतं आणि नंतर परत लागलं तरच वर 'यंग' मध्ये जातं. चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानात बघा, एका गिऱ्हाइकाला दाखवायला गोडाऊनमधनं वीस गठ्ठे काढले म्हणून रोज खपणारा माल कुणी गादीजवळनं हलवत नाही. तसंच.

मग अडलं कुठं? रिपोर्ट अख्खं टेबल वाचतो, एका पेजमधल्या ओळी एकामागोमाग वाचताना त्याच पेजला क्षणात बऱ्याचदा हात लागतो, आणि बिचारं पेज उगाच कामाचं वाटायला लागतं. हे होऊ नये म्हणून 'ओल्ड ब्लॉक्स टाइम' नावाचं सेटिंग असतं, मायएसक्यूएल 5.6 पासून डीफॉल्ट 1000 मिलिसेकंद, म्हणजे पहिल्यांदा हात लागल्यावर सेकंदभर कितीही वेळा वाचलं तरी पेज वर जात नाही. मी इनोडीबीचं स्टेटस काढून 'पेजेस मेड यंग' चा, म्हणजे किती पेजं वर गेली त्याचा, आकडा रिपोर्टच्या आधी आणि नंतर वहीत लिहिला, नंतरचा कैच्या कै वाढलेला. सेटिंगची कॉन्फिग फाइल उघडली तर तिथं 'ओल्ड ब्लॉक्स टाइम' 0! जुन्या सर्व्हरवरनं ती फाइल मीच उचलून आणलेली.

1000 केलं, रीस्टार्टसुद्धा लागला नाही. रिपोर्टला अजून तेवढाच वेळ लागतो, पण दुसऱ्या दिवशी तीन वाजता प्रिंटर चालू होता, ग्राहक आणि रेटच्या टेबलांची पेजं जागेवरच होती.

आणि रोज सकाळी पहिला अर्धा तास सगळं जड चालायचं, तेही गेलं. रात्रीचा बॅकअपपण अख्खी टेबलं वाचतो ना.