नवा ट्रान्झिस्टर, तोच ताप

"सर, नवा ट्रान्झिस्टर टाकला तरी बोट टेकवू देत नाही. माल डुप्लिकेट आलाय."

लॅबमधल्या जुन्या ऑसिलोस्कोपचं (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) झाकण उघडं होतं. ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक चटके देत होता, शेजारचा पीसीबी (सर्किटची पाटी) भाजून तपकिरी पडलेला. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर, म्हणजे यंत्र किती व्होल्टच्या विजेसाठी लावलंय ते ठरवणारा खटका, पाहिला: २२०. सॉकेटला मीटर लावला: २४५.

यंत्राच्या आत ठराविक व्होल्टेज पुरवणाऱ्या लिनिअर सप्लायचा हिशेब सरळ असतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या व्होल्टेजमधला फरक गुणिले करंट, एवढी उष्णता वाटेत बसलेल्या बिचाऱ्या सिरीज ट्रान्झिस्टरनेच सोसायची. २४ व्होल्टचे १५ करताना अर्ध्या अँपिअरला साडेचार वॅट. मेन्स (सॉकेटमधली वीज) २२० ची २४५, म्हणजे ११ टक्के वाढली की २४ चे जवळपास २६.७ होतात आणि वॅट सहाच्या घरात जातात. म्हणजे उष्णता थेट ३० टक्के जास्त!

प्लग काढून सिलेक्टर २४० वर केला आणि यंत्र परत चालू केलं. अर्ध्या तासाने हात लावला, बोट ठेवता येत होतं.

डुप्लिकेट माल बाजारात असतो, नाही असं नाही. पण मीटर हातात घ्यायच्या आधीच आपण दुकानदारावर का घसरतो? तुमच्याकडे आहे का असं एखादं यंत्र, ज्यात दर वेळी तोच पार्ट बदलला जातो?