तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला घरी अभ्यासाला बसवता तरी कसं?

ठाण्यात कचराळी तलावावर फिरायला येणारे ओळखीचे, सोसायटीतल्या काकू, गावाहून येणारी नणंद, सगळे हेच विचारतात. "शाळेत अर्धा तास टिकायची नाही, मग घरी कशी बसते?"

बसत नाही. आम्ही बसवतही नाही.

लेक नऊ वर्षांची आहे, दुसरीत एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, थांबणं जमत नाही) निदान झालं, तिसरीपासून घरी शिकते. शाळेतल्या बाईंवर माझा राग नाही. एवढ्या मोठ्या वर्गात एकच पोर दर पाच मिनिटांनी उठत असेल तर त्यांनी तरी काय करायचं? राग येतो तो "मुलीच्या जातीला शोभतं का" म्हणणाऱ्यांचा. मुलगा असता तर "द्वाड आहे, होईल शहाणा" म्हणून विषय मिटवला असता.

पाढे आम्ही जिन्यात म्हणतो. लिफ्ट सोडायची आणि पायरीला एक आकडा. सात साता एकोणपन्नासला गाडी अडली की ती स्वतःच दोन पायऱ्या उतरते आणि पुन्हा चढते, मला सांगावं लागत नाही. हिशेब जांभळी नाक्याच्या मंडईत होतात: पाव किलो भेंडी वीस रुपयांना, तर सव्वा किलो केवढ्याला? उत्तर भाजीवालीच्या आधी देते. कागदावर तेच गणित घातलं की पेन्सिलीला टोक करण्यात वेळ जातो. लिहिणं हीच खरी लढाई आहे. ते ओट्यापाशी उभ्याने, दहा मिनिटं, समोर टायमर ठेवून. टायमर मोबाइलवर नको. मोबाइल हातात आला की तो दिवस गेलाच म्हणून समजा.

२००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या वरच्या थराची वाढ इतर मुलांसारख्याच क्रमाने होते, फक्त सरासरी तीनेक वर्षं उशिरा, असं त्यांना दिसलं. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून लक्ष आणि आवर दोन्ही चालतात. त्यावरून मी माझ्यापुरता एक हिशेब केला: बुद्धी नऊ वर्षांची धरायची, धीर सहा वर्षांचा. शास्त्र इतकं सरळ बोलत नाही, पण घर चालवायला हा हिशेब पुरतो.

म्हणून बक्षीस तिथल्या तिथे. रविवारी उपवन तलावावर नेऊ, हे सोमवारी सांगून काही होत नाही. काम झालं की डब्यात एक चिंचोका. दहा झाले की सायकलवर एक फेरी. सासूबाई आधी म्हणायच्या, "अभ्यासाला लाच कसली गं?" आता चिंचोके त्याच मोजतात, आणि हळूच एखादा जास्त टाकतात. राग अनावर होऊन वह्या भिरकावल्या जातात तेव्हा आम्ही बोलणंच थांबवतो. त्या वेळी सांगितलेलं शहाणपण तिच्या कानापर्यंत पोचत नाही. वह्या नंतर तिनेच उचलायच्या, एवढं मात्र ठरलेलं.

"मग गोळ्या सुटल्या असतील ना?" नाही. घरी शिकणं हा औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांनी दिलेलं मेथिलफेनिडेट चालू आहे आणि त्याने दुपारची भूक मरते. शाळेतून डबा तसाच परत यायचा. आता गोळीच्या आधी पोटभर थालीपीठ, आणि चार-साडेचारला भूक जागी झाली की वरणभात. वजन भरलं, मला यातच सगळं आलं.

शाळा सोडवायच्या विचारात असाल तर आधी निदान करून घ्या. हे रक्ताच्या तपासणीत कळत नाही. लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून डॉक्टर शाळेतल्या बाईंकडूनही फॉर्म भरून मागतात. शाळा सोडल्यावर तो भरणार कोण?

कायद्याचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, न घातल्यास शिक्षा मात्र सांगत नाही. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, करता येते: वय चौदा पूर्ण हवं, विषय किमान पाच, आणि ते एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी. आमच्या पोरीला हे सुटे सुटे विषय जमतील असं वाटतं. परीक्षेतल्या सवलतींबाबत मात्र जपून: २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, नुसत्या एडीएचडीचं नाव नाही.

आणि हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. माझी नोकरी अर्धवेळ झाली, घर एका पगारावर आणि थोड्यावर चालतं. आई-मुलीचा आवाज सकाळपासून चढलेला असेल तर शाळाच बरी. मैत्रिणींचा प्रश्नही सुटलेला नाही. लगोरीत आपला डाव येईपर्यंत तिला थांबवत नाही, मग पोरं तिला घेत नाहीत आणि ती रडत वर येते. घरी ठेवून ते शिकवता येत नाही, त्यासाठी पोरंच लागतात. तिने उद्या शाळा मागितली तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. मे महिन्यात तिलाच विचारणार आहे.