मागचा इंडिकेटर पांढरा का लुकलुकतो?

पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही, तिचे दिवे दिसतात. लाल दिसला तर ब्रेक, केशरी दिसला तर गाडी वळणार, हे क्षणात कळायला हवं. म्हणूनच आपल्याकडे मागचा इंडिकेटर केशरीच लागतो. अमेरिकेत लालही चालतो. पण तिथल्याच सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या २००९ च्या अभ्यासात, वळताना किंवा लेन बदलताना मागून धडक बसण्याचं प्रमाण केशरीवाल्या गाड्यांत सुमारे ५ टक्क्यांनी कमी निघालं.

तरी कोल्हापुरात पांढरे लुकलुकणारे इंडिकेटर सर्रास दिसतात. काच पारदर्शक असेल तर रंग बल्बच्या केशरी थरातून येतो आणि जुन्या किंवा स्वस्त बल्बचा तो थर उष्णतेने पोपडे धरून उडतो. अशा ठिकाणी पीवाय२१डब्ल्यू हा केशरी बल्ब घ्या. काचच केशरी असेल तर साधा पी२१डब्ल्यू. दोन्ही २१ वॅटचेच, पण साध्या बल्बच्या पिना समोरासमोर असतात, केशरीच्या थोड्या तिरक्या. एकाच्या होल्डरमध्ये दुसरा बसू नये म्हणूनच ही रचना आहे. पिन घासून बल्ब बसवून देणाऱ्याला तिथेच थांबवा.

बदलणं सोपं आहे. बऱ्याच गाड्यांत डिकी उघडल्यावर टेल लॅम्पचे दोन स्क्रू दिसतात. लॅम्प सरळ मागे ओढा, होल्डर डावीकडे फिरवून काढा, बल्ब आत दाबून फिरवा. होल्डरमध्ये हिरवट गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. इंडिकेटर लावल्यावर टेलचा दिवाही सोबत मंद लुकलुकत असेल, तर दोष बल्बचा नाही, अर्थचा (करंट गाडीच्या बॉडीतून परत नेणाऱ्या जोडणीचा) आहे. परतीची वाट न मिळाल्याने करंट शेजारच्या फिलामेंटमधून जातो. अर्थची वायर बॉडीला जिथे जोडली आहे, ती जागा पत्रा चमकेपर्यंत साफ करून घट्ट आवळा.

एलईडी टाकला की इंडिकेटर भराभर लुकलुकतो, कारण एलईडी कमी करंट ओढत असल्याने गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं हा योग्य वेग. ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर एलईडीला समांतर जोडून वेग ताळ्यावर येतो, पण तो भाजण्याइतका तापतो. म्हणून तो पत्र्यावरच स्क्रूने कसा, प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकू देऊ नका.